विटा बघायला गेले आणि त्या बाईला तिथंच सोडून आले – आता काय करता येईल?

रेवती_क (९ फेब्रुवारी)

नमस्कार. गावाकडं घराचं काम काढलंय. गाव मुंबईपासून दोन-अडीच तासांवर आहे, तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

रविवारी मी आणि नवरा विटा बघायला नदीकाठच्या एका भट्टीवर गेलो. मालक यायला वेळ होता, म्हणून थापणी करणाऱ्या एका बाईजवळ जाऊन बसले. कातकरी आहे, माझ्यापेक्षा बरीच लहान. तीन लेकरं. थोरला आठ-नऊ वर्षांचा, तो कच्च्या विटा उलटून वाळायला लावत होता.

तिनं सांगितलं ते असं. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या आजारपणात मालकाकडून २० हजार उचलले. पुढच्या दोन पावसाळ्यांत घरात दाणा नव्हता, तेव्हा आणखी घेतले. हिशेब मालकाच्या वहीत. आठवड्याला खर्ची मिळते, तीत मीठ-तांदूळ भागतो. मे महिन्यात मालक वही उघडतो आणि "अजून इतके अंगावर आहेत" म्हणून सांगतो. दोघांनाही वाचता येत नाही. पौषात तिची आई गेली. मालकानं तिला एका दिवसासाठी एकटीला सोडलं, नवरा आणि मुलं भट्टीवरच ठेवून घेतली. दहाव्याला जाऊ दिलं नाही.

मी विचारलं, मग सोडून का जात नाही? ती म्हणाली, मागच्या साली एक जोडी रात्रीची पळाली होती. मालकाची माणसं जीप घेऊन वाडीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी दोघंही परत भट्टीवर होती. एवढं बोलून ती पुन्हा चिखलात हात घालून कामाला लागली.

तिथल्या विटा आम्ही घेतल्या नाहीत. पण त्यानं तिचं काय झालं? चार दिवस झोप नाही. मी शाळेत शिक्षिका आहे, कुठल्या संघटनेत नाही, ओळखीपाळखी नाहीत. माझ्यासारखीनं नेमकं काय करायचं?

---

सह्यकडा

सरळ ११२ ला फोन करा. पोलीस जातील, सोडवतील. त्यात विचार कसला करायचा?

---

कोयत्याची_लेक

थांबा. फोन करायच्या आधी माझं ऐका.

माझे आई-बाप बीडकडून ऊसतोडीला जायचे, मी अकरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याबरोबर. आमच्याकडं नवराबायकोला मिळून एक कोयता म्हणतात, उचल कोयत्यावर असते. एक दिवस अंग दुखतंय म्हणून घरी राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे आपल्याच नावावर चढतात. एका साली कुणीतरी भल्या माणसानं आमच्या टोळीसाठी पोलिसांत फोन केला. एक हवालदार आला, मुकादमाबरोबर चहा घेतला, आम्हाला रांगेत उभं करून मुकादमासमोरच विचारलं, "काही त्रास आहे का?" सगळे म्हणाले, नाही. हवालदार गेला. त्या रात्री काय झालं ते मी इथं लिहिणार नाही.

ताई, तुमची कळकळ खरी आहे. पण तुम्ही तिथून निघून येता आणि ती तिथंच राहते. आधी तिला विचारा, तिला काय हवंय. तिची वाडी कुठली, वाडीवर कोण आहे, सुटली तर त्या रात्री राहणार कुठं. हे ठरल्याशिवाय कुणालाही पाठवू नका.

---

निवृत्त_नायब

वरच्या ताईंनी लिहिलेलं प्रत्येकानं दोनदा वाचावं.

महसुलात तीस वर्षं काढली, त्यावरून सांगतो. हे प्रकरण मुळात पोलिसांपेक्षा जिल्हाधिकारी आणि प्रांत यांचं आहे. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. त्यात हे शोधण्याची आणि मोडून काढण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे, आणि ते ती हाताखालच्या अधिकाऱ्याला देऊ शकतात. म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं करा, प्रत प्रांताला. पोलीस बंदोबस्त लावायचं ते बघतील.

अर्जात भावना कमी आणि तपशील जास्त ठेवा. भट्टी कुठं, गट नंबर मिळाला तर उत्तम, नसेल तर जवळची खूण. किती कुटुंबं, किती मुलं. उचल कधी घेतली, किती. खर्ची किती. आईच्या मरणाला जाऊ दिलं नाही ती तारीख. पळालेल्यांना परत आणल्याचं जे ऐकलं ते. "मी हे स्वतः पाहिलं" आणि "मला हे सांगण्यात आलं" ही दोन्ही वाक्यं वेगळी ठेवा. चौकशी करणारा अधिकारी आधी तेच बघतो.

आणि पोच घ्या. आवक शिक्का आणि क्रमांक असलेली प्रत हातात आल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. कार्यालयात शिक्का नसलेला कागद कधी आलेलाच नसतो. माझ्या टेबलावरून असे किती कागद "आलेच नाहीत" हे आठवलं की आजही मान खाली जाते.

---

व्यवहारी_माणूस

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, राग मानू नये. माझ्या मामांची भट्टी होती. पावसाळ्यात या लोकांना दुसरं कुणी पैसे देत नाही, भट्टीवाला देतो. घेतलेले पैसे कामातून फेडायचे हा दोघांच्या मर्जीनं झालेला व्यवहार आहे. काही जण उचल घेऊन येतच नाहीत, ते नुकसान मालकाचं. याला एकदम मानवी हक्कांचं उल्लंघन म्हणणं मला जड वाटतं.

---

काळाकोट

राग कशाला, हा प्रश्न प्रत्येक चौकशीत मालकाचा वकील विचारतोच. उत्तर नीट देतो.

उचल देणं गुन्हा नाही. उचलीच्या बदल्यात माणसाचं जाणं-येणं अडवलं, दुसरीकडं काम करण्याची मोकळीक काढून घेतली किंवा किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवलं, तर ती वेठ होते. यातली एक गोष्ट असली तरी पुरे. धाग्यातल्या बाईच्या बाबतीत तिन्ही दिसतात.

मर्जीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच बोलून ठेवलंय. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती, तिथल्या मजुरांसाठी पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना कोर्टात गेली. न्या. भगवतींनी म्हटलं की बळजबरी काठीचीच असते असं नाही, भुकेचीही असते. पोट जाळतंय म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबणारा माणूस मर्जीनं राबत नसतो, ती घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच. त्या कलमाच्या इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हा शब्द तसाच ठेवलेला आहे.

आणखी एक गोष्ट, जी मालकांनाही माहीत नसते आणि मजुरांना तर नाहीच. ते कर्ज कायद्यानं संपलेलं आहे. १९७६ च्या कायद्यानं असल्या कर्जाची परतफेड करण्याची जबाबदारीच नाहीशी केली. ते वसूल करणं हाच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि हे वेठीचं कर्ज नव्हतं, हे सिद्ध करायचा भार कलम १५ प्रमाणे मालकावर. म्हणजे वही मालकाच्या हातात असली तरी तिनं काही शाबीत करायचं नाही, उत्तर त्यानं द्यायचं आहे.

कातकरी अनुसूचित जमातीत येतात. मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर अॅट्रॉसिटी कायदाही लागतो, त्यात वेठीला लावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरावरही त्याच कायद्यात कलम आहे. अर्जात त्याचा उल्लेख असला की कागद जरा लवकर हलतो.

---

व्यवहारी_माणूस

कर्ज कायद्यानं संपतं हे खरंच माहीत नव्हतं. मामांच्या भट्टीवर सुट्टीत जायचो तेव्हा मुलं विटा उलटताना मीही पाहिलीयत. माझ्याच वयाची होती. त्यावर नंतर कधी लिहीन, आज जमत नाही.

---

डहाणू_लोकल

आमच्या भागात अजून 'लग्नगडी' हा शब्द ऐकू येतो. लग्नासाठी मालकाकडून पैसे घेतले, म्हणून लग्नानंतर त्याच्याकडं राबणारा तो लग्नगडी. बायको लग्न करून येते ती थेट मालकाच्या कामावर. शब्दाकडं जरा बघा, वेठीला नाव लग्नाचं दिलंय.

वसईच्या बाजूला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनं वेठबिगारांना सोडवण्याचं काम केलं, ते बऱ्याच जणांना माहीत असेल. भट्टीवरच्या मुलांसाठी त्यांच्याच 'विधायक संसद' या संस्थेनं भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी, कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा भोंग्यात.

रेवतीताई, तुमच्या तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात आदिवासींमध्ये काम करणारं कुणीतरी नक्की असेल. त्यांना आधी भेटा. एकट्यानं करायची ही गोष्ट नाही.

---

डॅलसकर

मी बाहेर असतो. पैसे पाठवून त्यांचं कर्ज फेडून टाकता येणार नाही का? रक्कम ऐकून वाटतं, इथं आम्ही चार मित्र एका महिन्यात जमवू.

---

कोयत्याची_लेक

दादा, मन मोठं आहे तुमचं. पण फेडू नका. जे कर्ज कायद्यानं नाहीच ते तुम्ही फेडलं तर मालकाची वही खरी ठरते, आणि शेजारच्या झोपडीतली जोडी तशीच राहते. पुढच्या गणपतीत तीच वही पुन्हा उघडेल. पैसे ठेवा, सुटल्यावर लागतील. पावसाळ्याचे चार महिने खरे अवघड असतात.

---

रेवती_क (२३ फेब्रुवारी)

सगळ्यांचं वाचलं. जे झालं ते लिहिते.

डहाणू_लोकल यांनी सांगितल्याप्रमाणे शेजारच्या तालुक्यातल्या एका कार्यकर्तीला गाठलं. ती आणि मी भट्टीवर न जाता बाईच्या वाडीवर गेलो, पंचवीस किलोमीटर. तिची धाकटी बहीण भेटली. तिच्याकडून निरोप गेला, उत्तर आलं. आठवडी बाजारात बाई स्वतः भेटली, दहा मिनिटं. म्हणाली, "आमाला जायचंय. पन पोरांना आदी काढा." तिच्याबरोबर आणखी तीन कुटुंबं आहेत.

मग अर्ज लिहिला. निवृत्त_नायब काकांनी मसुदा तपासून दिला, पाच वेळा खोडला.

आधी पोलिसांत मी एकटीच गेले, कारण मला वाटलं मुलांचं ऐकल्यावर तरी ते हलतील. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, हा पैशाच्या देवाणघेवाणीचा मामला आहे, दिवाणी कोर्टात जा. पोच दिली नाही. "मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात, शाळा सांभाळा," असंही म्हणाले. बाहेर येऊन पायरीवर बसले. भीती वाटली हे खरंच सांगते. नवरा घरी, कार्यकर्ती दुसऱ्या गावाला, आणि आतला माणूस माझं नाव, पत्ता, शाळा सगळं वाचून बसलेला.

---

काळाकोट

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी निकाल, २०१३. हद्द आपली नाही म्हणूनही नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्टच आहे. नाकारलं तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं, रजिस्टर्ड एडी. पावती जपून ठेवा. तरी काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढं.

पण थांबून राहू नका, जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज याच्या समांतर चालू द्या. वेठबिगारीत अडकलेल्यांना, आदिवासींना, स्त्रियांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. १५१०० हा त्यांचा क्रमांक.

---

माहितीदार

आणखी एक दार. माहिती अधिकारात अर्ज टाका की जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या वेठबिगार दक्षता समितीच्या गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं द्या. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर माहिती ४८ तासांत द्यावी लागते, अर्जाच्या डोक्यावर तसं ठळक लिहा.

ही समिती १९७६ च्या कायद्यातच आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्यांत त्या जिल्ह्यातल्या अनुसूचित जाती-जमातीचे तिघं आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. आमच्या जिल्ह्यात मी विचारलं तर समिती कागदावर होती, बैठक एकही नव्हती. उत्तर आलं त्यानंतर दीड महिन्यात पहिली बैठक झाली. त्या दोन जागा रिकाम्या असतील तर आपल्यासारख्यांनी नाव सुचवावं. इथं महिनोन्महिने हळहळ व्यक्त करण्यापेक्षा त्या एका खुर्चीत बसणारा माणूस मला मोलाचा वाटतो.

---

मीनल_वाचते

मानवाधिकार आयोगाकडं जाऊन उपयोग होतो का? बरेच जण नाही म्हणतात.

---

निवृत्त_नायब

आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही, म्हणून लोक निराश होतात. पण आयोगाची नोटीस जिल्हाधिकारी कार्यालयात आली की तिला उत्तर द्यावंच लागतं आणि त्या उत्तरासाठी फाईल उघडावी लागते. आमच्याकडं वर्षभर बंद पडलेली फाईल अशा नोटिशीनं दोन दिवसांत उघडलेली मी पाहिली आहे. राष्ट्रीय आयोग १९९३ च्या कायद्यानं झाला, राज्याचाही आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, पीडिताच्या वतीनं दुसरा कुणीही करू शकतो, मराठीत लिहिली तरी चालते. घटनेला एक वर्ष उलटून गेलं की मात्र आयोग ती घेत नाही.

न्यायालयानंही साध्या पत्राला याचिका मानलेलं आहे. फरीदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चानं पाठवलेलं ते पत्रच होतं.

---

सह्यकडा

भट्टीचा व्हिडिओ काढून टाकला तर? मीडिया आला की सगळे हलतात. २०२२ मध्ये इगतपुरीकडच्या कातकरी मुलांचं प्रकरण बाहेर आलं, एकेका मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडं राबायला दिलेली मुलं. बातम्या झाल्या म्हणूनच ना गुन्हे नोंदले गेले?

---

डहाणू_लोकल

बातम्यांचा रेटा लागतो हे बरोबर. पण त्या प्रकरणात बातम्या सुरू झाल्या त्या एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर, हे विसरू नका. सुटकेच्या आधी व्हिडिओ गेला तर मालक रातोरात टेम्पो भरून माणसं दुसऱ्या भट्टीवर हलवतो, मग शोधत बसा. मुलांचे चेहरे तर कधीच टाकू नका. कॅमेरा नंतर, कागद आधी.

---

रेवती_क (१९ मार्च)

मंगळवारी चार कुटुंबं बाहेर आली. एकूण सतरा माणसं, त्यात नऊ मुलं.

जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जाची पोच मिळाली होती. आठ दिवस काही हललं नाही. मग आयोगाकडं तक्रार, अधीक्षकांना रजिस्टर पत्र आणि माहितीदार यांनी सांगितला तो अर्ज, तिन्ही एकाच दिवशी टाकले. यातल्या कशानं काम झालं ते मला माहीत नाही. अकराव्या दिवशी प्रांत कार्यालयातून फोन आला.

कोयत्याची_लेक, तुमचं लिहिणं मी छापून प्रांतसाहेबांना दाखवलं. जबाब मालकासमोर घेऊ नका, ही एकच विनंती केली. त्यांनी ऐकलं. सगळ्यांना आश्रमशाळेत नेलं, बायकांचे जबाब महिला तलाठ्यानं घेतले. तिथं त्या बोलल्या. माझ्याशी बोलल्या नव्हत्या असं पुष्कळ बोलल्या.

पण मुक्ती प्रमाणपत्र अजून नाही. "चौकशी अहवाल आल्यावर बघू" म्हणतात.

---

निवृत्त_नायब

रेवतीताई, मन भरून आलं. पण आता ढिलं पडू नका, घात इथंच होतो. प्रमाणपत्र नसेल तर कागदोपत्री ते सुटलेले वेठबिगार नाहीत, भट्टी सोडून गेलेले मजूर आहेत. मालक उद्या त्यांच्यावरच फसवणुकीची तक्रार ठोकेल.

केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे, ती जिल्हाधिकारी लगेच देऊ शकतात. पुढचं पुनर्वसन पुरुषाला एक लाख, स्त्री आणि मुलांना दोन, तस्करी किंवा फार हालअपेष्टांच्या प्रकरणात तीन लाख. पूर्ण रकमेला गुन्हा सिद्ध होण्याशी जोडून ठेवल्यानं ती वर्षानुवर्षं अडकते. तातडीच्या मदतीला मात्र ती अडचण नाही. तेवढी आधी मागा, लेखी, प्रत्येक माणसाच्या नावानं. कुटुंबाच्या नावानं एकच अर्ज करू नका, बायकांची नावं त्यात बुडतात.

---

कोयत्याची_लेक

सतरा माणसं. दोनदा वाचलं.

आता माझं दुसरं सांगणं. जून यायच्या आत रेशनकार्ड, आधार, बँक खातं आणि रोजगार हमीचं जॉबकार्ड. कातकऱ्यांत पुष्कळ लोकांकडं जातीचा दाखला नसतो, त्याचाही अर्ज आत्ताच टाका. आषाढात घरात दाणा नसला की मुकादम येतोच, हातात नोटा घेऊन. त्या वेळेला प्रमाणपत्र कामाला येत नाही, तांदूळ येतो. डॅलसकर दादा, तुमचे पैसे आता. त्या कार्यकर्तीच्या संस्थेला चेकनं देता येतील का बघा, परदेशातून आले तर त्यांना नियम आडवे येतील, इथल्या नातेवाइकाकडून त्याच्या खात्यातून द्या.

---

काळाकोट

एक दुरुस्ती. परदेशातला पैसा नातेवाइकाच्या खात्यातून वळवून संस्थेला देऊ नका. परदेशी देणगीचा कायदा कडक आहे, संस्थाच गोत्यात येईल. डॅलसकर, भारतीय पासपोर्ट असेल आणि इथल्या तुमच्याच खात्यात तुमची बचत असेल तर ती देता येते, तरी संस्थेच्या हिशेबनिसाला आधी विचारा.

---

डॅलसकर

पासपोर्ट भारतीयच आहे, पुण्यात खातंही आहे. विचारून घेतो. चार महिन्यांचा किराणा माझ्याकडून.

---

रेवती_क (४ एप्रिल)

प्रमाणपत्रं निघाली. सतरा माणसांपैकी चौदा जणांची. तीन मुलांची नावं राहिली, "जन्माचा दाखला नाही" म्हणून. त्यातला एक तो विटा उलटणारा थोरला.

बाईनं आपलं प्रमाणपत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हितं लिवलंय का, की काय देनं नाय?" मी म्हटलं, हो, इथंच लिहिलंय. तिनं कागद घडी न घालता तसाच पिशवीत ठेवला.

तीन मुलांसाठी सोमवारी सकाळी ११ वाजता प्रांत कार्यालयात जायचंय. शाळेच्या परीक्षा आहेत, मला दोन वाजेपर्यंतच थांबता येईल. दोननंतर त्यांच्याजवळ बसायला कुणी येऊ शकेल का? खाजगी निरोपात कळवा, पत्ता देते.

---

व्यवहारी_माणूस

मी येतो. पत्ता पाठवा.